सकाळी पोळ्या लाटते, संध्याकाळी घास चावत नाही: मायस्थेनिया असलेल्या घरासाठी

नागपूरच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. पत्नी ३४ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आठ महिन्यांपूर्वी मायस्थेनिया ग्रॅव्हिसचं (नसेचा हुकूम स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार) निदान झालं, गोळ्या सुरू आहेत. ते लिहितात: "सकाळी ती पहिल्यासारखीच असते. डबे करते, शाळेत जाते. संध्याकाळी डाव्या डोळ्याची पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, जेवताना घास तोंडातच राहतो. माझी आई म्हणते, सकाळी जमतं ते संध्याकाळी का जमत नाही? आम्ही तिला आजारी समजायचं की बरी? मे महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न आहे, त्यात तिनं किती करायचं? नोकरी चालू ठेवायची का? आणि पुढे मूल होऊ द्यायचं की नाही?"

तुम्ही पाच गोष्टी विचारल्या आहेत, पण मला वाटतं मुख्य प्रश्न आईंचाच आहे. मी नागपुरात २३ वर्षं न्यूरोलॉजिस्ट म्हणून काम करते. हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा आलाय. वर्ध्याकडच्या एका सासूबाईंनी सुनेसमोरच विचारलं होतं, "सकाळी तं चांगली राह्यते, मंग संध्याकाळीच काहून होते?" त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. आपल्या घरांना दोनच अवस्था ठाऊक असतात. माणूस अंथरुणावर असतो, नाहीतर कामाला लागलेला असतो. अंथरुणावर असेल तर त्याला पेज मिळते, कामाला लागला की बाकीची कामंही त्याच्याकडे येतात. मायस्थेनियाचा माणूस एकाच दिवसात या दोन्ही अवस्थांतून जातो. म्हणून आजारी समजायचं की बरी, याचं एका शब्दाचं उत्तर नाही. किती वाजलेत, गोळी कधी घेतली, मागच्या दोन तासांत काय काम झालं, हे बघून ते उत्तर दर वेळी नव्यानं द्यावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या पत्नीचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. रक्तात कोणत्या प्रकारच्या अँटिबॉडी (रोगप्रतिकारशक्तीनं बनवलेली प्रथिनं) सापडल्या, छातीच्या सीटी स्कॅनमध्ये थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी कशी दिसली, गिळणं आणि श्वास यांवर किती परिणाम आहे, यावर बरंच अवलंबून असतं. घास तोंडात राहतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आजार फक्त डोळ्यांपुरता राहिलेला नाही. हे त्यांच्या डॉक्टरांना माहीत आहे ना, ते याच आठवड्यात विचारून घ्या. औषधाच्या मात्रेबद्दल त्यांचाच शब्द अखेरचा माना. मी घर, दिवस आणि उन्हाळा यांबद्दल लिहिते.

आईंना समजावायला आधी आत काय होतं ते सांगते. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो. नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये फार बारीक फट असते. नस त्या फटीत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, स्नायूवरचे रिसेप्टर ते टिपतात आणि स्नायू आकसतो. हुकमामागून हुकूम येत राहिले की नस दर वेळी थोडं कमी रसायन सोडते. हे तुमच्या-माझ्या शरीरातही होतं, पण आपल्याकडे रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे काही जाणवत नाही. मायस्थेनियात रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच रिसेप्टरवर हल्ला करते. जास्तीचे होते ते संपतात. मग पहिली पोळी लाटली जाते, पाचवी कशीबशी होते आणि दहावीला हात उचलत नाही. दहा मिनिटं हात खाली ठेवला की पुन्हा दोन पोळ्या होतात. बघणाऱ्याला हे सोंग वाटतं, पण आजाराचा स्वभावच असा आहे.

तुमच्या पत्नीची तयारी असेल तर आईंना एकदा दाखवा. मान न हलवता, फक्त नजर वर करून छताकडे मिनिटभर बघायचं. पापण्या हळूहळू खाली येताना दिसतील. मग दोन-तीन मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसायचं आणि उघडायचे. पापण्या बऱ्याचदा पुन्हा वर आलेल्या असतात. पापणी कुणी ठरवून अशी थोडी थोडी पाडू शकत नाही. माझ्या खोलीत हे बघून सुनेशी बोलण्याचा सूर बदललेल्या सासवा मी पाहिल्या आहेत. मात्र हे समजून घेण्यासाठी करा. रोज संध्याकाळी त्यांची परीक्षा घेऊ नका.

दुसरी अडचण आपल्या शब्दांची आहे. आपण याला थकवा म्हणतो किंवा अशक्तपणा. थकवा म्हटलं की लोक सांगतात, आम्हीही थकतो. अशक्तपणा म्हटलं की डिंकाचे लाडू येतात, ताकदीची इंजेक्शनं येतात, कुणीतरी सलाईन लावून आणायला सांगतं. लाडवांनी बिघडत नाही. पण काय घातलंय हे माहीत नसलेलं सलाईन धोक्याचं असू शकतं, ते पुढे सांगते. पापणी पडली की काही जण लकवा म्हणून झाडपाल्याकडे नेतात. घरात एकच वाक्य ठरवून ठेवा: "तिच्या स्नायूंपर्यंत हुकूम पोचत नाही." नातेवाइकांनाही हेच सांगा.

डॉक्टरही इथे चुकतात, मीही चुकले आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक विशीतली मुलगी सकाळी दहा वाजता माझ्याकडे आली. मी तिला नीट तपासलं, काही सापडलं नाही आणि मानसिक ताण आहे असं सांगून परत पाठवलं. तीन महिन्यांनी ती संध्याकाळी आली तेव्हा नाकातून बोलत होती आणि प्यायलेलं पाणी नाकातून परत येत होतं. सकाळी मला जे दिसलं नाही ते तिच्या आईला रोज रात्री दिसत होतं, आणि मी आईला पुरतं बोलूच दिलं नव्हतं. तेव्हापासून असा संशय आला की मी मुद्दाम दिवसातला शेवटचा नंबर देते आणि सोबत आलेल्या माणसाला आधी विचारते.

आता दिवसाकडे येऊ. तुमच्या पत्नी बहुधा पिरिडोस्टिग्मीन घेत असतील. या औषधामागची गोष्ट मी रुग्णांना आवडीनं सांगते. १९३४ साली लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये मेरी वॉकर या डॉक्टरच्या लक्षात आलं, की मायस्थेनियाचे रुग्ण क्युरारे या विषाची बाधा झालेल्या माणसासारखे दिसतात. क्युरारेवर उतारा म्हणून फायसोस्टिग्मीन चालतं, तर ते इथे का चालू नये? त्यांनी ते टोचलं आणि पडलेली पापणी काही वेळात वर आली. आजची गोळी त्याच घराण्यातली आहे. फटीतलं ॲसिटिलकोलीन मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, त्याला ही गोळी रोखते. त्यामुळे आहे तेवढं रसायन जास्त वेळ टिकतं. रिसेप्टरवरचा हल्ला ती थांबवत नाही, त्यासाठी वेगळी औषधं लागतात.

या गोळीचा गुण साधारण अर्ध्या ते पाऊण तासात येतो आणि तीन-चार तास राहतो. बहुतेक घरांत ती सकाळ-दुपार-रात्र अशी, जेवण झाल्यावर घेतली जाते, कारण आपल्याला औषध जेवणानंतर घ्यायची सवय आहे. इथे तीच सवय आड येते. जेवणानंतर गोळी घेतली तर चावण्या-गिळण्याच्या वेळी आधीच्या गोळीचा जोर संपलेला असतो. डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी आणा, सोबत एखादं केळं किंवा दोन बिस्किटं, म्हणजे पोटात कळ येणार नाही. माझ्या अनेक रुग्णांचं रात्रीचं जेवण एवढ्या एका बदलानं सुधारलंय. पण बरं वाटत नाही म्हणून स्वतःच्या मनानं एकावर दुसरी गोळी घेऊ नका. तोंडाला सारखी लाळ, घाम, जुलाब, अंगावर स्नायू फडफडणं, हे जास्त झाल्याचं लक्षण आहे, आणि जास्त झालेली गोळीसुद्धा स्नायू दुबळे करते.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी त्या घासाची वाटली. दिवसातलं मोठं जेवण सकाळी उशिरा किंवा दुपारी लवकर ठेवा. रात्री मऊ आणि थोडं. ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही, पण रात्री ती वरणात नाहीतर ताकात कुस्करून घ्यावी. कडकडीत गरम पदार्थापेक्षा कोमट किंवा गार पदार्थ गिळायला सोपा जातो, म्हणून रात्री दहीभात, ताकभात, ज्वारीची आंबील हे फार सोयीचं आहे. कोरडे पोहे, चिवडा, फरसाण घशात अडकतात. सावजी रश्शाचा ठसका तुम्हा-आम्हाला दोन खोकल्यांत सुटतो, पण ज्याचा खोकलाच दुबळा आहे त्याच्यासाठी तो ठसका धोक्याचा. घास गिळताना हनुवटी किंचित छातीकडे झुकवायची. जेवताना टीव्ही बंद, आणि कुणी त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. चावता चावता जबडा थांबला तर हाताने हनुवटीला आधार देऊन दोन मिनिटं थांबायला त्यांना लाज वाटता कामा नये. हे घरातल्यांच्या हातात आहे. सगळे उठून गेले आणि एकटीचं ताट राहिलं की माणूस अर्धपोटी उठतो. त्यांच्यासोबत कुणीतरी बसून राहा.

आता उन्हाळा. आपल्या गावात हा आजार घेऊन राहण्यात सगळ्यात अवघड भाग हाच आहे. उष्णतेनं मायस्थेनिया वाढतो. फटीतलं रसायन मोडणारं ते एन्झाइम उबेत जास्त जोरानं काम करतं आणि थंडीत मंदावतं. म्हणूनच निदान करताना आम्ही कधी कधी मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवतो, पापणी वर आली तर संशय पक्का होतो. पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात माझ्याकडे मायस्थेनियाचे फोन वाढतात, आणि मेअखेरीच्या कडक उन्हाचे, नवतपाचे नऊ दिवस मी माझ्या रुग्णांना दुपारी घराबाहेर पडू देत नाही.

कूलरचं थोडं वेगळं सांगायचं आहे. मार्च-एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खसाच्या ताट्यांचा कूलर उत्तम चालतो. पण त्याची टाकी बादल्यांनी भरणं हे खांद्याचं आणि दंडाचं काम आहे, आणि बहुतेक घरांत ते सुनेकडे असतं. एक पाइप लावून घ्या. जूनमध्ये पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर खोली चिकट करतो. जमत असेल तर निदान झोपण्याच्या एका खोलीत एसी असू द्या. नसेल तर ओला पंचा मानेवर आणि कपाळावर ठेवणं, कोमटाऐवजी साध्या पाण्यानं आंघोळ, स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकणं, यानंही बराच फरक पडतो. गॅससमोर दुपारी उभं राहून पुरणपोळ्या करणं या आजारात बसत नाही. तेवढं तुम्ही आणि आईंनी वाटून घ्या.

औषधांची गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला तीनदा सांगते, तुम्हालाही ठळकपणे सांगते. काही साधी, रोजच्या वापरातली औषधं मायस्थेनिया अचानक वाढवतात. आपल्याकडे घसा दुखला की मेडिकलवरून ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणायची पद्धत आहे. जुलाबाला ऑफ्लॉक्सासिनचं मिश्रण, लघवीच्या जंतुसंसर्गाला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, तापाला अमिकासिन किंवा जेंटामायसिनचं इंजेक्शन. हे सगळे गट मायस्थेनियात शक्यतो टाळायचे. मायग्रेनसाठी किंवा धडधडीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, सुरकुत्यांसाठीचं बोटॉक्स, हेही त्याच यादीत. मलेरियावरचं क्विनाइन आणि क्लोरोक्विनही. गडचिरोलीकडे तुमचे नातेवाईक असतील आणि तिकडे जाऊन ताप आला, तर मलेरियाचं औषध देणाऱ्याला हा आजार आधी सांगायचा. तापाला पॅरासिटामॉल चालतं. जंतुसंसर्गात अँटिबायोटिक लागलंच तर ॲमॉक्सिसिलिनसारख्या पेनिसिलीन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातून डॉक्टर सहसा निवड करू शकतात.

टाळायची म्हणजे जीव वाचवायलाही द्यायची नाहीत असं नाही. दुसरा पर्यायच नसेल तर रुग्णालयात, श्वासावर लक्ष ठेवून ती देता येतात. मात्र देणाऱ्याला माहीत असायला हवं. माझी एक रुग्ण दोन वर्षं छान चालली होती. सर्दी-खोकल्यासाठी घराजवळच्या एका दवाखान्यात गेली, आजार सांगायचं राहून गेलं, इंजेक्शन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आयसीयूत होती. ती वाचली, पण नऊ दिवस व्हेंटिलेटरवर राहिली. म्हणून एक कार्ड करा. आजाराचं नाव, चालू औषधं, टाळायची औषधं, डॉक्टरांचा नंबर, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. ते त्यांच्या पर्समध्ये, तुमच्या पाकिटात आणि फोनच्या कव्हरमागे. दाताच्या डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्यांनाही ते दाखवायचं.

रुग्णालयात ताबडतोब कधी न्यायचं, ते आईंनाही पाठ असू द्या. जंतुसंसर्ग हे आजार उसळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे, त्यामुळे तापाच्या दिवसांत लक्ष दुप्पट. पाठीवर आडवं झोपता येत नाही, उठून बसावं लागतं. आवाज नाकातून येतो आणि वाक्य अर्ध्यात तुटतं. लाळ गिळता येत नाही. मान पुढे पडते, हाताने धरावी लागते. खोकला फुसका निघतो. अजून एक सोपी गोष्ट: पूर्ण श्वास घेऊन एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. त्या बऱ्या असताना किती मोजतात ते आजच लिहून ठेवा. तो आकडा झपाट्यानं घसरला किंवा वीसच्या खाली आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कोविडपासून तो प्रत्येक घरात आहे आणि तो ९८ दाखवतोय म्हणून लोक सकाळपर्यंत थांबतात. या आजारात छातीचे स्नायू आधी दमतात, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी पडतो. जवळ कोणत्या रुग्णालयात आयसीयू, व्हेंटिलेटर आणि न्यूरोलॉजिस्ट तिन्ही आहेत हे आत्ताच बघून ठेवा. नागपुरात शासकीय मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतली रुग्णालयं धरून पर्याय आहेत, पण मध्यरात्री कुठे जायचं हे मध्यरात्री ठरवायचं नसतं.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गिळणं आणि श्वास ताब्यात असतील तर नोकरी सोडू नका. शिक्षिकेच्या कामात तीन गोष्टी दमवतात: सलग बोलणं, हात उंच धरून फळ्यावर लिहिणं आणि संध्याकाळी वह्या तपासणं. मुख्याध्यापकांना भेटून सकाळचे तास मागून घ्या, दोन तासांनंतर एक मोकळा. छोटा गळ्यातला माइक मिळतो, त्यानं आवाज चढवावा लागत नाही. फळ्यावर मुलांकडून लिहून घेता येतं, मुलांना ते आवडतंही. वह्या सकाळी. दोन दिसत असताना स्कूटी अजिबात नाही, वर्धा रोडवर तर नाहीच. शाळा त्या बाजूला असेल तर मेट्रो आहे. एक डोळा झाकला की दोनाचं एक दिसतं, म्हणून वाचताना आलटून पालटून पट्टी लावता येते. दुपारी घरी आल्यावर तासभर अंधाऱ्या, गार खोलीत पडणं हा त्यांच्या उपचाराचा भाग आहे. त्या तासात कुकरही लावायचा नाही. लोक मला विचारतात तेव्हा मी अमिताभ बच्चन यांचं नाव घेते. १९८४ च्या सुमारास त्यांना हाच आजार असल्याचं निदान झालं होतं. त्यांच्याकडची साधनं आपल्याकडे नाहीत हे मला कळतं. पण आजार सांभाळून किती वर्षं बोलण्याचं, उभं राहण्याचं काम करता येतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

पुढच्या उपचारांवर थोडक्यात. रिसेप्टरवरचा हल्ला आवरायला स्टेरॉइड गुण देतं, मात्र सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत आजार उलट वाढू शकतो. म्हणून ते बहुतेकदा कमी मात्रेनं सुरू करतात. त्या काळात घाबरून सोडू नका आणि स्टेरॉइड कधीही एकदम बंद करू नका. त्याच कामाच्या ॲझाथायोप्रीनला पूर्ण गुण यायला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणारे रुग्ण बघून मला फार वाईट वाटतं. रक्ताच्या तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत. थायमसमध्ये गाठ असेल तर ती काढावी लागते. गाठ नसली तरी ॲसिटिलकोलीन रिसेप्टरच्या अँटिबॉडी असलेल्या रुग्णांना ही ग्रंथी काढल्याचा फायदा होतो. अनेक देशांत मिळून १२६ रुग्णांवर केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांची ताकद जास्त राहिली आणि स्टेरॉइड कमी लागलं. तुमच्या पत्नीच्या वयात हा विषय डॉक्टरांकडे काढायलाच हवा. या आजारात पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात अस्थिर असतात, आठ महिन्यांवरून पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधू नका.

मूल होऊ शकतं. माझ्या रुग्णांत अशा आया आहेत. पण आजार स्थिरावल्यावर, आणि गर्भ राहण्याच्या कित्येक महिने आधी ठरवून. मायकोफिनोलेट आणि मेथोट्रेक्सेट ही रोगप्रतिकारशक्ती आवरणारी औषधं गर्भाला घातक आहेत, ती चालू असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी बदलावी लागतात. पहिले तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे आठवडे आजार वाढण्याचे. प्रसूती जिथे नवजात बाळांचा आयसीयू आहे तिथेच करा, कारण काही बाळांना आईच्या अँटिबॉडीमुळे काही आठवडे दूध ओढायला आणि रडायला त्रास होतो. तो बहुतेकदा पूर्ण जातो. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरोलॉजिस्ट यांनी एकमेकांशी आधीच बोललेलं असावं, विशेषतः बीपी वाढल्यास मॅग्नेशियम द्यायचं नाही याबद्दल.

लग्नाकडे येण्याआधी चेहऱ्याबद्दल एक सांगते, कारण समारंभात माणसं त्यावरूनच दुखावतात. मायस्थेनियात गालांचे स्नायू दुबळे झाले की हसू वर जात नाही, ओठ आडवे ताणले जातात आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो. पाहुण्यांना वाटतं सून तोंड वाकडं करते. माझ्या एका रुग्णानं त्यामुळे लग्नांना जाणंच सोडलं होतं. त्यांच्या सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी काय केलं ते मला नंतर सांगितलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जावी म्हणून मिरवला जाणारा पुतळा, निघाली, लोक "ईडा, पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडत होते, तेव्हा त्या गर्दीत उभ्या राहून मोठ्यानं ओरडल्या, "मायस्थेनिया घेऊन जा गे मारबत!" आजार गेला नाही, औषधं आजही चालू आहेत. पण तेव्हापासून ती बाई लग्नाला जाते, कारण तिच्या चेहऱ्याचा अर्थ विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सासू शेजारी उभी असते.

तुमच्या बहिणीच्या लग्नातही तुमच्या पत्नीनं जरूर यावं. आदल्या आठवड्यातलं जागरण, खरेदीची उन्हातली पायपीट आणि आहेराच्या पिशव्या उचलणं त्यांच्याकडे देऊ नका. यादी करणं, हिशोब ठेवणं, फोनवरून निमंत्रणं, ही कामं सकाळी बसून होतात. मुहूर्त सकाळचा असेल तर उत्तम. संध्याकाळचा असेल तर दुपारी दोन तास झोप, आणि गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून मंगलाष्टकांच्या नव्हे तर जेवणाच्या हिशोबानं लावा. बसायला खुर्ची एसीच्या जवळ, व्हिडिओवाल्याच्या दिव्यांपासून लांब. पंगत उठेपर्यंत वाढत फिरायचं नाही. त्यांचं जेवण गर्दीच्या आधी, एका बाजूला, आणि सोबतीला आईच बसल्या तर फार चांगलं. कार्ड तुमच्या खिशात, गाडीची किल्ली तुमच्याकडे, आणि त्यांनी निघूया म्हटलं की कारण न विचारता निघायचं. फोटोग्राफरला मात्र आधीच सांगून ठेवा. तुमच्या कुटुंबाचे फोटो त्यानं अगदी सुरुवातीला काढावेत, त्या विश्रांती घेऊन आलेल्या असताना. त्या वेळी त्यांचं हसू नेहमीसारखं असेल.